मौनाचे एक मिनिट : एका यहुदी धर्मगुरूचा शासकीय गौरव आणि आपली मुले

यहुदी बांधवांचा वल्हांडण सण चार दिवसांवर आला की अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष दरवर्षी एक जाहीरनामा काढतात. तो दिवस तेथे ‘एज्युकेशन अँड शेअरिंग डे’ म्हणून, म्हणजे शिक्षणाचा आणि आपल्यातले दुसऱ्याला वाटून देण्याचा दिवस म्हणून पाळला जातो. यहुदी पंचांगाप्रमाणे ती निसान महिन्याची अकरावी तिथी असते. रब्बी मेनाखेम मेंडेल श्नीअर्सन या धर्मगुरूंचा हा जन्मदिवस. जिमी कार्टर यांनी १९७८ साली ही प्रथा सुरू केली. त्यानंतर रिपब्लिकन आले, डेमोक्रॅट आले, एकमेकांचे तोंड न पाहणारे आले. परंतु हा जाहीरनामा कोणी चुकविला नाही. धर्म आणि शासन यांच्यात भिंत असली पाहिजे असे ज्या देशाचे न्यायालय वारंवार बजावते, त्याच देशाने एका यहुदी धर्मगुरूचा वाढदिवस शिक्षणाचा दिवस म्हणून मान्य करावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

ही बातमी आपल्याकडे सहसा पोहोचत नाही, आणि पोहोचली तरी परदेशातील एक समारंभ म्हणून आपण ती बाजूस सारतो. धाराशिव जिल्ह्यातील ढोकीच्या वाचकाला ब्रुकलिनच्या रब्बींशी काय देणे-घेणे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो वावगा नाही. तथापि या रब्बींनी शासनाकडे आग्रहाने जी एक गोष्ट मागितली, ती मराठवाड्यातील जिल्हा परिषद शाळांच्या दिनक्रमात नित्याची आहे. आपली ख्रिस्ती मुले ती रोज करतात, आणि तिचे काय करावे हे त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

श्नीअर्सन यांचा जन्म १९०२ साली काळ्या समुद्रानजीकच्या निकोलायेव गावी झाला. हे गाव आज युक्रेनमध्ये आहे. त्यांचे घराणे ‘खबाद’ या यहुदी भक्तिपंथातील. प्रज्ञा, आकलन आणि ज्ञान अशा अर्थाच्या तीन हिब्रू शब्दांच्या आद्याक्षरांपासून हे नाव झाले आहे. पंथाच्या गुरूला ‘रेबे’ म्हणतात. तरुण मेनाखेम मेंडेल बर्लिनच्या विद्यापीठात शिकले, पॅरिसमध्ये त्यांनी अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम पूर्ण केला, आणि हिटलरच्या तावडीतून निसटून १९४१ साली न्यूयॉर्कला पोहोचले. महायुद्धाच्या काळात त्यांनी तेथील नौदलाच्या गोदीत नोकरीही केली. १९५० साली सासरे रब्बी योसेफ यित्झाक निवर्तले आणि पुढील वर्षी जावयाने पंथाचे सातवे गुरुपद स्वीकारले. त्यानंतर १९९४ साली मृत्यू येईपर्यंत ते न्यूयॉर्क सोडून फारसे कोठे गेले नाहीत. परंतु त्यांनी पाठविलेली तरुण जोडपी जगभर जाऊन राहिली. नवरा धर्मगुरू, बायको शिक्षिका, आणि घर हीच शाळा, असा त्यांचा साधारण प्रकार.

शासकीय गौरवाचा विचार करताना या घराण्याची एक हकिगत ध्यानात ठेवली पाहिजे. सासरे योसेफ यित्झाक यांना १९२७ साली लेनिनग्राडमध्ये सोव्हिएत पोलिसांनी अटक केली. बंदी असतानाही मुलांच्या धार्मिक शाळा गुप्तपणे चालू ठेवल्या, हा त्यांचा मुख्य अपराध. त्यांना देहांताची शिक्षा झाली होती. बाहेरून दडपण आल्यावर ती हद्दपारीवर आली आणि पुढे त्यांची सुटका झाली. खुद्द रेबेंचे वडीलही रब्बी होते. त्यांना १९३९ साली अटक करून कझाकस्तानात हद्दपार करण्यात आले, आणि तेथेच १९४४ साली त्यांचा अंत झाला. एका शासनाने मुलांना देवाविषयी शिकविले म्हणून वडिलांना आणि सासऱ्यांना शिक्षा केली. दुसऱ्या शासनाने त्याच कामासाठी मुलाचा सन्मान केला. ज्याने दोन्ही प्रकारची शासने पाहिली आहेत, तो माणूस शासनाच्या मानपत्राने हुरळून जाणार नाही आणि शासनाला क्षुद्र समजून त्याच्याकडे पाठही फिरविणार नाही. रेबेंच्या वागण्यात हे दोन्ही दिसते.

गौरव टप्प्याटप्प्याने होत गेला. अमेरिकेच्या काँग्रेसने १९७८ साली ठराव करून राष्ट्राध्यक्षांना विनंती केली आणि कार्टर यांनी १८ एप्रिल १९७८ हा दिवस ‘शिक्षण दिन’ जाहीर केला. रेबे त्या दिवशी शहात्तर वर्षांचे झाले. मृत्यूनंतर काही महिन्यांतच, नोव्हेंबर १९९४ मध्ये, काँग्रेसचे सुवर्णपदक त्यांना देण्याच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी स्वाक्षरी केली. जगातील शिक्षण, नीतिमत्ता आणि दानधर्म यांसाठी केलेले कार्य, असे कारण त्यात नमूद आहे. हेच पदक १९९७ साली कोलकात्याच्या मदर तेरेसा यांना मिळाले, हे आपल्या वाचकांना आठवत असेल.

या गौरवात सारेच निर्मळ होते असे मानण्याचे कारण नाही. वाढदिवसाचा जाहीरनामा काढण्यास सरकारला खर्च येत नाही. पांढऱ्याशुभ्र दाढीच्या, सर्वांना पूज्य असलेल्या वृद्धाशेजारी उभे राहून छायाचित्र काढणे कोणत्याही राजकारण्याला परवडते. १९९१ सालच्या ठरावात तर नोहाला दिलेल्या सात आज्ञांचा, यहुदी परंपरेप्रमाणे सर्व मानवजातीला लागू असलेल्या नियमांचा, संस्कृतीचा पाया म्हणून उल्लेख करण्यात आला. एका धर्माचे वचन कायद्याच्या प्रस्तावनेत यावे हे अनेकांना खटकले, आणि ते खटकणे योग्यच होते. आपल्या विधिमंडळाच्या ठरावात एखाद्या धर्माची संहिता अशी आली असती तर आपणही अस्वस्थ झालो असतो. शिवाय रेबेंच्या पश्चात त्यांच्या अनुयायांपैकी काहींनी त्यांनाच मसीहा मानले. प्रभू येशूला मसीहा मानणाऱ्या आपल्याला हे स्वीकारार्ह नाही, आणि यहुदी समाजातील बहुसंख्यांनाही ते मान्य नाही. हे सर्व मान्य करूनही त्यांच्या शिक्षणविचारात आपण शिकावे असे पुष्कळ उरते.

त्यांचा मुद्दा थोडक्यात असा. शिक्षण म्हणजे पोट भरण्याचे साधन एवढाच अर्थ घेतला तर शाळेतून हुशार माणूस बाहेर पडेल, चांगला माणूस बाहेर पडेलच असे नाही. १९८१ साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर एका तरुणाने गोळ्या झाडल्या. गुन्हेगारी गरिबीतून उपजते असे त्या काळी सर्रास बोलले जाई. हा हल्लेखोर तर सुखवस्तू घरातला, चांगल्या शाळांत गेलेला. रेबेंनी आपल्या प्रवचनात नेमके त्यावर बोट ठेवले : याला काही कमी पडले नव्हते, कमी पडली ती एकच जाणीव, की आपल्यावर पाहणारा एक डोळा आहे आणि त्याला जाब द्यायचा आहे. पोलिसांचा धाक पोलीस असेपर्यंत. देवाचा विचार मुलाच्या मनात लहानपणी रुजला तर तो एकांतातही त्याच्यासोबत राहतो. बर्लिनच्या विद्यापीठात शिकलेला माणूस हे सांगत होता. जगातील अत्यंत सुशिक्षित समाजांपैकी एकाने काय केले हे त्याने पाहिले होते. त्याचा सख्खा भाऊ नाझींच्या हातून मारला गेला होता.

पण शाळेत देव आणायचा कसा? येथे खरी अडचण होती. न्यूयॉर्क राज्याच्या शिक्षण मंडळाने सरकारी शाळांसाठी बावीस शब्दांची एक छोटी, कोणत्याही पंथाची नसलेली प्रार्थना तयार केली होती. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘एंगल विरुद्ध व्हिटाले’ खटल्यात ती घटनाबाह्य ठरविली. शासनाने प्रार्थना रचू नये, असा त्या निर्णयाचा आशय होता. न्यूयॉर्कचे महागुरू कार्डिनल स्पेलमन यांनी या निर्णयावर तीव्र नाराजी व्यक्त केली. बहुतेक यहुदी संघटनांनी मात्र त्याचे स्वागत केले. कारण उघड होते. सरकारी शाळेतील प्रार्थना आज निःपक्ष असली तरी उद्या ती बहुसंख्याकांची प्रार्थना होते, हा त्यांचा जुना अनुभव. तो अनुभव अमेरिकेतील कॅथलिकांचाही होता; एकोणिसाव्या शतकात तेथील सरकारी शाळांत प्रॉटेस्टंट बायबलचेच वाचन होई, आणि त्यावरून पेटलेल्या वादात १८४४ साली फिलाडेल्फिया शहरात कॅथलिक मंदिरे जाळली गेली होती. अल्पसंख्याकाला सर्वांसाठीच्या प्रार्थनेची धास्ती का वाटते, हे मराठवाड्यातील ख्रिस्ती माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

रेबे यहुदी संघटनांच्या विरोधात गेले. देवाचे नाव शाळेतून पूर्णपणे हद्दपार झाले तर देव हा महत्त्वाचा विषय नाही एवढाच धडा मूल शिकेल, असे त्यांचे म्हणणे. परंतु न्यायालयाशी भांडत न बसता १९८० च्या दशकात त्यांनी एक वेगळीच मागणी लावून धरली. शाळेचा दिवस सुरू होताना मुलांना एक मिनिट शांत बसू द्यावे. शिक्षकाने काही म्हणायचे नाही, काही सुचवायचे नाही. त्या मिनिटात काय विचार करायचा हे मुलाला आईवडिलांनी घरी सांगावे. यहुदी मूल आपली प्रार्थना मनात म्हणेल, ख्रिस्ती मूल आपली. ज्याच्या घरी देव मानीत नाहीत, तो आपल्या आईचा वा आजचा दिवस कसा घालवायचा याचा विचार करील.

या मागणीतील शहाणपण असे, की शासनाला जे करता येते तेवढेच त्याच्याकडे मागितले आहे. शासन वेळ देऊ शकते, शांतता देऊ शकते. आशय देऊ शकत नाही, आणि देऊ लागले तर त्यापासून सावध राहावे. पुन्हा, मूल घरी येऊन विचारणार, “आई, त्या मिनिटात मी काय विचार करू?” आणि ज्या आईने कधी याचा विचार केला नव्हता तिला तो करावा लागणार. रेबेंना शाळेच्या दाराने घरात शिरायचे होते, असे म्हटले तरी चालेल.

ही कल्पना नुसती प्रवचनात राहिली नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांत मौनाची तरतूद आहे. त्यातील फ्लोरिडाचा कायदा मुद्दाम पाहण्यासारखा आहे. जून २०२१ मध्ये तेथील राज्यपालांनी खबाद पंथाच्याच एका सभास्थानात त्यावर स्वाक्षरी केली. सरकारी शाळांत दिवसाच्या पहिल्या तासाला एक ते दोन मिनिटे मौन पाळावे. विद्यार्थ्याने त्यात काय चिंतावे हे शिक्षकाने सुचवू नये. मात्र पालकांनी मुलांशी याविषयी बोलावे, असे शिक्षकाने पालकांना सांगावे, असे हा कायदा म्हणतो. हे शेवटचे कलम लक्षात ठेवावे.

आता ढोकीकडे येऊ. ढोकी म्हटले की तेरणा साखर कारखाना आणि उसाचे राजकारण आठवते. नीतिशिक्षणासाठी हे गाव कोणाला आठवणार नाही. परंतु ढोकीतील वा मराठवाड्यातील कोणत्याही गावातील जिल्हा परिषद शाळेत सकाळी परिपाठ होतो. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची प्रास्ताविका, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा, पसायदान अशा क्रमाने तो चालतो आणि बहुतेक ठिकाणी अखेरीस मौन असते. एक-दोन मिनिटे मुले डोळे मिटून बसतात. म्हणजे रेबेंनी ब्रुकलिनमध्ये बसून ज्यासाठी वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, भाषणे केली, ते आपल्याकडे कोणाच्याही भाषणाविना चालू आहे. आपण त्याकडे पाहतो ते परिपाठ संपत आल्याची खूण म्हणून.

शासनाने नीतिशिक्षणाचा विचार केला नाही, असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमात दहा मूल्ये ठरवून दिली गेली : श्रमप्रतिष्ठा, राष्ट्रभक्ती, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रीय एकात्मता, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा. शाळांच्या भिंतींवर ती रंगविलेली असतात. यादी वाईट नाही. नीटनेटकेपणा आणि सर्वधर्मसहिष्णुता एकाच रांगेत उभी केल्याचे थोडे हसू येते, इतकेच. मराठवाड्याचेच सुपुत्र शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने १९९९ साली मूल्यशिक्षणावर अहवाल दिला आणि सत्य, सदाचरण, शांती, प्रेम व अहिंसा ही पाच मूल्ये शिक्षणाचा पाया म्हणून सुचविली. या अहवालाचा आधार घेत सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली अरुणा रॉय खटल्यात निर्वाळा दिला, की धर्मांविषयी माहिती देणे म्हणजे धर्मशिक्षण देणे नव्हे. शेजारच्या बीड जिल्ह्यात २००९ पासून ‘मूल्यवर्धन’ या नावाने जिल्हा परिषद शाळांत झालेला प्रयत्नही उल्लेखनीय आहे. मुलांना उपदेश न करता जोड्या-गट करून बोलते करण्याचा तो प्रयत्न होता.

आपल्या राज्यघटनेचे अठ्ठाविसावे कलम याच्याही पुढे जाते. संपूर्णपणे शासकीय निधीवर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. शासनमान्य वा अनुदानित संस्थेतही कोणावर उपासनेची सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. हे कलम आपल्या कॉन्व्हेंट शाळांनाही लागू आहे, याचे आपल्याला कधीकधी विस्मरण होते. आणि मौनाचा हक्क केवढा मोठा असतो हे १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले. केरळमधील यहोवा साक्षीदार पंथाची तीन मुले राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण श्रद्धेपोटी ती गात नसत. त्यांना शाळेतून काढले होते. न्यायालयाने परत घ्यायला लावले.

तेव्हा शासनाने वेळ दिला, मूल्यांची यादी दिली, संरक्षण दिले. प्रश्न उरतो तो आपला. आपले ख्रिस्ती मूल परिपाठातील मौनात डोळे मिटून काय करते? प्रस्तुत लेखकाने वेगवेगळ्या गावांतील आपल्या मुलांना हा प्रश्न सहज म्हणून विचारला आहे. शेजाऱ्याला चिमटा काढतो, असे एकाने प्रांजळपणे सांगितले. बाई डोळे उघडे ठेवतात का ते बघते, असे एकीचे उत्तर. घरी कोणी याविषयी बोलले आहे का, या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. मुले एकमेकांकडे पाहतात.

मराठवाड्यातील आपली कुटुंबे गावोगाव विखुरलेली आहेत. एखाद्या गावात पाच घरे, एखाद्यात दोन. धर्मगुरू येतात ते ठरलेल्या दिवशी. सिस्टर वा धर्मशिक्षक रविवारी जमेल तेथे तास घेतात. ज्या गावात कॉन्व्हेंट शाळा आहे तेथे पालक निर्धास्त असतात, की मुलांचे सारे तेथे होते. जेथे नाही तेथेही पालक निर्धास्तच असतात, की काही होण्यासारखे नाही. दोन्हीकडे घराची जबाबदारी दुसऱ्यावर टाकलेली असते. उसाच्या हंगामात कोयता घेऊन आईवडिलांसोबत फडावर जाणाऱ्या मुलांची तर गोष्टच वेगळी. त्यांना परिपाठही नाही आणि रविवारचा तासही नाही. त्यांच्यापाशी असतात ते फक्त आईवडील. त्यांच्यासाठी घर ही खरोखर एकच शाळा आहे, आणि तिचे छप्पर पाचटाचे आहे.

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती शिक्षणावरील आपल्या घोषणापत्रात आईवडील हे मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक आहेत, आणि त्यांची उणीव भरून काढणे जवळजवळ अशक्य आहे, असे स्पष्टपणे शिकविले. त्या घोषणापत्राची तारीख २८ ऑक्टोबर १९६५. ख्रिस्तसभेच्या यहुदी समाजाशी असलेल्या नात्याचा नव्याने विचार करणारे ‘नोस्त्रा एताते’ हे घोषणापत्रही त्याच दिवशी प्रसिद्ध झाले. यहुदी लोकांवर ख्रिस्ताच्या मृत्यूचा सरसकट दोष ठेवता येत नाही, आणि आपल्या श्रद्धेचे मूळ त्यांच्या कुलपुरुषांत व संदेष्ट्यांत आहे, असे त्यात सांगितले आहे. ही दोन पत्रे एकाच दिवशी निघाली हा कदाचित परिषदेच्या वेळापत्रकाचा भाग असेल. पण आज यहुदी गुरूकडून घरच्या शिक्षणाचा धडा घेताना ती शेजारी-शेजारी ठेवून वाचावीत असे वाटते.

आणि यहुदी आपल्याला परके कोठे आहेत? अलिबाग, रेवदंडा, पेण भागातील बेने इस्रायल समाज शतकानुशतके मराठी बोलत आला. केहिमकर, राजपूरकर, चेऊलकर ही आडनावेच त्यांची गावे सांगतात. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून कोकणात त्यांना शनिवार तेली म्हणत. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले ते प्रामुख्याने त्यांच्यासाठी. हरदासी पद्धतीच्या कीर्तनातून अब्राहाम आणि योसेफ यांच्या कथा मराठीत सांगण्याची प्रथा त्यांनी एकोणिसाव्या शतकातच सुरू केली. आपल्याकडे ख्रिस्ती कीर्तने झाली तशीच. हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत समाजाच्या मुलांसाठी काढलेली शाळा पुढे सर एली कदूरी विद्यालय म्हणून नावारूपाला आली. आज तेथे शिकणारी बहुतेक मुले यहुदी नाहीत. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला. तोपर्यंत त्यांच्यापैकी बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेलेली होती. शासकीय मान्यतेची पावले अशीही उशिरा पडतात.

रेबेंनी शिकविलेल्या पंथाचे एक घर मुंबईतही होते आणि आहे. कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये रब्बी गाव्रिएल होल्त्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का येऊन राहिली. प्रवासी, व्यापारी, भटके तरुण, कोणीही आले तरी शुक्रवारी रात्री पान वाढलेले असे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात दोघेही मारले गेले. त्यांच्या दोन वर्षांच्या मोशेला त्याची भारतीय दाई सँड्रा सॅम्युएल हिने वाचविले. खालच्या मजल्यावर लपली असताना बाळाचे रडणे तिच्या कानी आले आणि ती वर गेली. इस्रायलने २०१० साली तिला सन्माननीय नागरिकत्व दिले. तो गौरव रास्तच होता. पण जिना चढताना तिच्या मनात मानपत्र नव्हते, आणि मूल्यांची यादीही नव्हती. रडणारे मूल आपले आहे, एवढेच असावे.

‘शिक्षण आणि वाटून देणे’ या नावातील दुसरा शब्द आतापर्यंत बाजूला राहिला. १९८६ सालापासून, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, रेबे दर रविवारी तासन्‌तास उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला एक डॉलरची नोट देत. नोट ठेवण्यासाठी नसे. ती पुढे गरजूला द्यायची. दोन माणसे भेटली तर तिसऱ्याचे काहीतरी भले व्हावे, हा त्यामागचा विचार. मुलांच्या खोलीत दानपेटी ठेवा, असेही ते सांगत. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुष्टिफंड उभा केला तो याच जातीचा. घरातली बाई दळण-कांडणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढी आणि त्यावर वसतिगृहातील मुले शिकत. शासनाने १९५९ साली भाऊरावांना पद्मभूषण दिले. परंतु मूठ काढणारी बाई कोणत्याच यादीत आली नाही, आणि तिच्या घरातील मूल रोज तिचा हात पाहत होते. नीतिशिक्षण म्हणतात ते बहुधा तेथेच चालले होते.

ढोकीच्या जवळच तेर आहे, संत गोरोबांचे गाव. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटण्याने जमलेल्या संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरविले, ही कथा येथे सर्वांना ठाऊक आहे. नामदेवांची तोवर कीर्ती मोठी होती. गोरोबांनी त्या कीर्तीकडे न पाहता मडके ठोकले, आणि कच्चे ठरल्यावर नामदेव गुरूच्या शोधात निघाले. सरकारी पदक ही कीर्तीच्या बाजूची वस्तू आहे. रेबेंना ते मिळाले तेव्हा ते या जगात नव्हते.

आपल्या गावांत करता येण्यासारखे एक काम मात्र समोर आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्या समितीत आपल्या समाजाचे कोणी असेल तर परिपाठातील मौन नावापुरते न राहता पूर्ण एक मिनिट व्हावे, आणि त्याविषयी शिक्षकांनी पालकांशी दोन शब्द बोलावेत, एवढी मागणी करण्यास हरकत नाही. हिंदू, मुस्लिम, बौद्ध पालकांनाही ती नकोशी वाटू नये. आणि समितीत कोणी नसेल तरी रात्री जपमाळेनंतर, मूल पेंगण्यापूर्वी, उद्या सकाळच्या त्या एका मिनिटात कोणासाठी प्रार्थना करशील, असे त्याला विचारता येईल. शेजारी बसणाऱ्या आजारी मुलाचे नाव त्याने घेतले तर तेही चालेल. बाईंचे घेतले तरी चालेल.